जोगळेकर बाईंची वैशाख अमावास्या

बातमी आली तेव्हा मी नववीच्या मुलींना गांडूळ शिकवत होते. फळ्यावर आकृती अर्धी झाली होती. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "बहनजी, दफ्तर में खबर आई है. जोगळेकर बहनजी नहीं रहीं." मी "अच्छा" म्हटलं. तो तसाच उभा होता म्हणून "ठीक है, तुम जाओ" असंही म्हटलं. मग उरलेली आकृती पुरी केली, भागांची नावं लिहिली, मुलींनी ती उतरवून घेतली, एकीनं शंका विचारली, तिला उत्तर दिलं. घंटा झाली. मी नळावर जाऊन हात धुतले. नखांत खडू अडकला होता तो काडीनं काढला... हे सगळं मला लख्ख आठवतं. त्या वेळी काय वाटलं ते मात्र आठवत नाही. बहुधा काहीच वाटलं नाही. आज कितीतरी आठवडे झाले, अजून तसंच आहे. या पुरवणीसाठी बाईंवर चार शब्द लिहाल का असं विचारलं गेलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसल्यावर तरी काही होईल असं वाटलं होतं.

जोगळेकर बाई आमच्या ग्वाल्हेरच्या मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायच्या. मराठी मुली त्यांना बाई म्हणत, हिंदी मुली बहनजी. त्या मूळच्या देवगडकडच्या. संस्थान होतं तेव्हा इथे नोकरीला आल्या आणि किला गेटपाशी माडीवरची एक खोली घेऊन एकट्या राहिल्या. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत झालं, तरी बाई त्याच खोलीत आणि त्याच वर्गात होत्या. गेल्या साली मध्यभारतही मोडलं, नवं मोठं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि कोणाची बदली कुठे होईल याचा काही नेम राहिला नाही. बाईंना पार पूर्वेकडच्या एका जिल्ह्याच्या गावी जायचा हुकूम आला. तिथे त्यांना ताप आला. कसला ताप ते इथे कोणाला नीट माहीत नाही. आम्हांला कळलं तोवर दिवसही होऊन गेले होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते स्टेशनवर. फलाटावर सरकारी कपाटं, टेबलं आणि फायलींचे गठ्ठे रचून ठेवले होते, सगळं भोपाळला जाणारं. त्यांच्यामध्ये आपल्या ट्रंकेवर बाई बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघ, मी एकटी नाही चालले. अख्खं ग्वाल्हेर निघालंय." मी विचारलं, "तिकडे कसं होणार हो बाई तुमचं?" त्या म्हणाल्या, "कसं म्हणजे? शाळा आहे, मुली असतील. झालं." गाडी आली. मी पाया पडायला वाकले तर ओरडल्याच, "अगो, गर्दीत वाकू नकोस, तुडवतील!" त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे एवढंच. काही थोर बोलणं झालं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्यावाचून बाईंनी काय केलं ते कळणार नाही. आम्ही ग्वाल्हेरातच, हजीऱ्याला राहत होतो. आमचे मूळ पुरुष दख्खनेतून फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. माझे वडील, आबा, संस्थानच्या पलटणीत हवालदार होते. संस्थान विलीन झालं तेव्हा पलटणीतले तरणे शिपाई हिंदुस्थानच्या फौजेत घेतले गेले. आबांचं वय झालेलं, त्यांना घरी बसवलं. वर्दी उतरल्यावर कितीतरी दिवस त्यांना हात कुठे ठेवावेत ते समजत नसे. उभे राहिले की हात आपोआप विजारीच्या शिवणीवर जात. पुढे एका मिलच्या फाटकावर चौकीदाराचं काम मिळालं. पण घरातलं धान्य यायचं ते काकांकडून. काका, म्हणजे आबांचे थोरले भाऊ, भिंडच्या वाटेवरच्या गावी शेती सांभाळून होते. धान्य त्यांचं, म्हणून शब्दही त्यांचाच. आमच्या घरात सहीपलीकडे कोणी शिकलेलं नव्हतं. मी आठवी ओलांडली हेच काकांना जरा जास्त झालं असं वाटत होतं. विदिशेकडचं एक स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. त्यांच्याजवळ एका जुन्या पिंपाचं लोखंडी कडं होतं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की येतील त्या मुलींना घेऊन त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या उतारावर जात, ते कडं जमिनीवर टाकत आणि म्हणत, "याच्या आत काय काय आहे ते बघा. नाव माहीत नसलं तरी चालेल. आधी बघा." आम्ही बसत असू. वाळलेलं गवत, दगड, मुंग्या. बाईंचं हिंदी फार मोडकं होतं आणि मुली त्याची हुबेहूब नक्कल करत. एकदा एक मुलगी कंटाळून म्हणाली, "बहनजी, इसमें तो कुछ नहीं है." बाई म्हणाल्या, "कुछ नहीं है तो और बैठो. कुछ नहीं को देखने में टाइम लगता है." आम्ही हसून हसून बेजार झालो. पण बसलो. आणि मग त्या दगडाखाली कोळ्याचं अंड्यांचं पुटकुळं दिसलं, मुंग्या एकाच बाजूनं का जातात ते दिसलं, दगडाच्या सावलीच्या बाजूला गवत अजून हिरवं आहे ते दिसलं. बाईंनी काही सांगितलं नव्हतं. त्या बाजूला बसून शेंगा सोलत होत्या.

हिवाळ्यात त्यांनी आम्हांला तिघऱ्याच्या तलावावर नेलं, परदेशी बदकं बघायला. एकदा चंबळेवरही नेलं. तिथे वाळूत मगरी पडलेल्या होत्या आणि आमच्यातल्या दोघी रडायला लागल्या. पण पाणी दिसलं की बाई हटकून समुद्राकडे वळत. "हे बरं आहे," त्या म्हणत, "पण हे पाणी नुसतं वाहतं. आमचं पाणी जातं आणि परत येतं. त्या जाण्यायेण्याच्या मधल्या जागेत जे राहतात ना, ते एकदा तरी बघायला हवं." आम्हांला ते काही उमजत नसे. त्या वर्षी बाईंनी ठरवलं की परीक्षा झाली की चार-पाच मुलींना सुटीत देवगडला आपल्या भावाच्या घरी न्यायचं. बाकीच्या सगळ्या घरांतून नाही आलं. उरले मी. आमच्याकडून नाही यायचं राहिलं होतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

बाई हजीऱ्याला आमच्या घरी आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. काका नेमके आलेले होते. अंगणात खाटेवर काका आणि आबा बसलेले, बाईंना आईनं पाट दिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, समुद्र बघून हिच्या पोळ्या गोल होणार आहेत का?" बाई म्हणाल्या, "माझ्याही होत नाहीत. त्याचा समुद्राशी संबंध नसावा." आई पदराआड हसली. काका हसले नाहीत, पण जरा सैल झाले असावेत. शिवाय सुटीत एक खाणारं तोंड कमी, हेही असेल. त्यांनी विचारलं, "परत कधी आणणार?" बाई म्हणाल्या, "वैशाख अमावास्येच्या आत. त्यानंतर पावसाच्या भीतीनं बोटी बंद होतात." काका म्हणाले, "ठीक आहे." बाई उठल्या, आबा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेले. आबा परत आल्यावर काका त्यांना म्हणाले, "बरं जमलं. अक्षय तृतीयेला पाव्हणे बघायला येतील, तोवर पोरगी घरी असेल." आबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली.

इथे काय झालं होतं ते ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो. इकडचा हिंदी महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे ज्या अंधाऱ्या पंधरवड्याला आपण चैत्र म्हणतो त्याला इथले लोक वैशाख म्हणतात. त्यांची वैशाख अमावास्या आपल्याआधी बरोबर एक महिना येऊन जाते, आणि तिच्यामागोमाग अक्षय तृतीया येते. आपली वैशाख अमावास्या येते ती अक्षय तृतीया होऊन जवळजवळ महिना लोटल्यावर. इथल्या जुन्या मराठी घरांत दोन्ही पंचांगं असतात आणि बायका न चुकता दोन्हींचा मेळ घालतात. पण काकांचा जन्म खेड्यात गेलेला. त्यांना तिथल्या देवळातला पंडित सांगेल तेच पंचांग. बाई आपल्या अमावास्येचं बोलल्या, काकांनी आपली धरली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी रेल्वेनं मुंबईला आणि तिथून बोटीनं देवगडला गेले. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो ओकताना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला खाडीच्या तोंडाशी घेऊन गेल्या तर समोर नुसता चिखल. लांबवर पाण्याची एक पट्टी. मी म्हटलं, "हाच का समुद्र? यापेक्षा आमचा तिघरा मोठा आहे." बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. म्हणाल्या, "थांब हो. मालकीणबाई बाहेर गेल्यात, दुपारी येतील." दुपारी आम्ही परत गेलो तेव्हा सकाळी जिथे मी उभी होते तिथे होड्या तरंगत होत्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला भीतीच वाटली, खरं सांगायचं तर. एवढं पाणी कोणी न आणता येतं आणि कोणी न नेता जातं, हे मला पटायला दोन-तीन दिवस लागले.

मग शिकवणं सुरू झालं. शिकवणं म्हणजे तेच, कडं टाकायचं आणि बसायचं. चिखलात कडं टाकलं की आत निवटे दिसत, बोटभर लांबीचे मासे, पण पाण्याबाहेर पंखांवर रांगणारे आणि डोळे वर काढून एकमेकांवर धावून जाणारे. तिवरांच्या झाडांखाली चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली मुळं. बाई म्हणाल्या, "श्वास घेतंय ते झाड. खाली चिखलात हवा नाही, म्हणून नाक वर काढलंय." वाळूवर कडं टाकलं तर काही नाही, नुसत्या वाळूच्या गोळ्या, त्या गोळ्या कोण करतं ते कळायला सकाळ गेली, कारण आम्ही हललो की कुर्ल्या बिळात जात. बाईंचे भाऊ येता-जाता विचारत, "काय गो, आज किती मासे पास झाले?" त्यांना बहिणीचा हा उद्योग लहानपणापासून माहीत होता. जेवायला बसलं की ते माझ्या पानात कालवांची आमटी वाढत आणि बाई लगेच विचारत, "कुठल्या खडकावरची? वरच्या की खालच्या?" भाऊ म्हणत, "जेवू दे गो तिला. जेवणाचीही परीक्षा?"

खडकांवरचा धडा मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्या खडकांवर पट्टे असतात. अगदी वर, जिथे पाणी जेमतेम शिंपडतं, तिथे बारीक गोगलगायी. त्यांच्या खाली पांढऱ्या दाण्यांसारखे, दगडाला कायमचे चिकटलेले जीव. ऊन तापलं की दारं लावून घेतात आणि पाणी येईपर्यंत उघडत नाहीत. त्याखाली कालवं, मग शेवाळ, मग कधीच न सुकणारी समुद्रफुलं. बाई म्हणाल्या, "कोण किती वेळ पाण्यावाचून काढू शकतं, त्यावर इथली जागा ठरते." मी विचारलं, "म्हणजे वरचे सगळ्यांत शूर?" बाईंनी थोडा विचार केला. "शूर कसले. खालची जागा त्यांना कोणी देत नाही. म्हणून वर राहायला शिकलेत." मला मिलच्या फाटकावर उभे असलेले आबा दिसले. बाईंनाही काही दिसलं असेल. त्यांनी कडं उचललं आणि पुढच्या खडकावर टाकलं.

आणि मग अमावास्या आली. मराठी हिशेबानं ती चैत्रातली. अमावास्येला आणि पौर्णिमेला ओहोटी सर्वांत खोल जाते आणि एरवी कायम पाण्याखाली असणारे खडक थोडा वेळ उघडे पडतात. उजाडता उजाडता बाई मला घेऊन त्या शेवटच्या खडकांवर गेल्या. तिथे मी काय काय पाहिलं ते सगळं सांगायला बसले तर ही पुरवणी पुरणार नाही. एका डबक्यात शेंदरी रंगाचं स्पंज, काळ्या काट्यांचे गोळे, दोऱ्यासारख्या हातांचे तारे, आणि कपारीत आठ हातांचा एक जीव, जो माझ्याकडे बघता बघता दगडाच्या रंगाचा झाला. मी इतकी रमले की पाणी फिरल्याचं कळलं नाही. एक लाट आली आणि ते लोखंडी कडं ओढून घेऊन गेली. मी त्यामागे धावले तर बाईंनी माझी वेणी धरून मागे खेचलं. मी रडवेली होऊन म्हटलं, "बाई, तुमचं कडं!" बाई म्हणाल्या, "जाऊ दे. तुला आता लागत नाही." परत येताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "पुढे शिकायचंय ना?" मी म्हटलं, "काका नाही म्हणतील." "मी तुला विचारलं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. आयुष्यात मी स्वतःहून पहिल्यांदा काही मागितलं ते तिथे, ओल्या परकरात, दात वाजत असताना.

काकांच्या पंचांगानं मी त्या दिवशी हजीऱ्याला घरी असायला हवी होते. अक्षय तृतीयेला पाव्हणे आले. हे मला आईनं नंतर सांगितलं. मुलाचे वडील, मामा, दोन बायका. आईनं पुरणाचा स्वयंपाक केला होता. पाव्हण्यांनी जेवून विचारलं, मुलगी कुठे आहे? काकांनी आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "समुद्रावर आहे." पाव्हण्यांतली एक बाई म्हणाली, "मग आम्ही कुणाला बघायचं, समुद्राला?" आणि ते गेले ते परत आले नाहीत. काकांची त्या लोकांत फार शोभा झाली. आबांनी सांगितलं की पंचांगाचा घोळ झाला, बाई आपल्या हिशेबानं बोलल्या होत्या. तेव्हापासून काका जे धुमसत होते ते आम्ही परतल्यावर थेट शाळेत गेले.

त्या प्रसंगाला मी तिथे होते. शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापिकांच्या खोलीसमोर, शिपायांच्या देखत काका बाईंना वाटेल ते बोलले. "पढेलिखे लोग! तिथी सांगता येत नाही आणि पोरींना सायन्स शिकवता! कोणाच्या घरची पोर घेऊन जाताय तर कधी आणायची ते तरी धड सांगावं!" आबा त्यांच्यामागे उभे होते. हात शिवणीवर. बाईंनी एकदा आबांकडे बघितलं, मग काकांना म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी कोकणातली, आमच्या पंचांगानं बोलून गेले. इतकी वर्षं इथे राहून मला हे समजायला हवं होतं. हवालदारांचा यात काही दोष नाही." असं त्या एकदा नाही, दोनदा म्हणाल्या. काका जरा थंड झाले. पण शाळेत बोभाटा झालाच आणि यापुढे मुलींना शाळेबाहेर कुठेही न्यायचं नाही असा हुकूम निघाला. त्यानंतर बाईंनी एकही सहल काढली नाही. तिघरा नाही, चंबळ नाही, किल्ल्याचा उतारही नाही. शनिवारी दुपारी त्या घरी जात. मी एकदा त्यांना म्हटलं, "बाई, माझ्यामुळे झालं." त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे कसं? पंचांग काय तू छापलंस?" आणि माझ्या हातात जीवशास्त्राचं पुस्तक देऊन त्यांनी मला घरी पाठवलं.

ते स्थळ मोडलं, दुसरं लगेच मिळेना, आणि तोवर मी मॅट्रिक झाले. मग आबा अचानक म्हणाले, "कालेजात जाते तर जाऊ दे, घरी बसून तरी काय करणार?" काकांनी हात झटकले. धान्य मात्र त्यांनी बंद केलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली, आमच्या गल्लीतली पहिली. निकाल घेऊन किला गेटच्या त्या माडीवर गेले तेव्हा बाई कांदा चिरत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "कांद्यामुळे हं." मी हसले. आता इथेच थाटीपूरला मला सरकारी क्वार्टर मिळालंय. आई, आबा आणि मी तिथे असतो. इतकी वर्षं मी हेच धरून चालले होते की माझं शिक्षण बाईंच्या एका चुकीवर उभं आहे. चूक झाली म्हणून मी वाचले. त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानत होते, आणि मनात कुठेतरी त्यांची कीवही करत होते, की एवढ्या हुशार बाई आणि एवढी साधी चूक...

बाई गेल्याचं मी आबांना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच कमी झालं. मग एका रविवारी सकाळी, मी क्वार्टरच्या पायरीवर तांदूळ निवडत होते आणि आबा खुर्ची घेऊन उन्हात बसले होते, तेव्हा ते अचानक म्हणाले, "ती बाईंची चूक नव्हती."

मी विचारलं, "कोणती?"

"अमावास्येची." त्यांनी घसा खाकरला. "दरबारचे सगळे सण आपल्याच पंचांगानं व्हायचे. तीस वर्षं बंदोबस्ताला मी उभा राहिलो. मला पता नसेल काय, अमावास्या कुठली ते?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"त्या दिवशी मी त्यांना सोडायला गल्लीच्या तोंडाशी गेलो ना, तर त्या थांबल्या. म्हणाल्या, 'हवालदारसाहेब, अमावास्या आमची बरं का. तुमच्या भावांना नीट सांगा.' त्यांना वाटलंच होतं की घोळ होईल. मी म्हटलं, 'आमचीही तीच आहे.' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... मग काही बोलल्या नाहीत. गेल्या."

"आणि तुम्ही काकांना सांगितलं नाही?"

"दादाला नाही कसं म्हणणार होतो मी? त्याच्या ज्वारीवर घर चाललेलं. स्थळ नको म्हणायची माझी ताकद नव्हती. मला वाटलं, तारीख चुकली तर चुकली. कोणाला नाही म्हणावं लागणार नाही." त्यांनी खुर्ची जरा सरकवली. "पण शाळेत दादा बोलला तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, चूक माझी. मी मागे उभा. पलटणीत असा उभा राहिलो असतो तर पट्टा उतरवला असता." मग म्हणाले, "त्यांनी माझी लाज राखली आणि आपलं फिरणं घालवलं. मी कधी एका शब्दानं बोललो नाही. रस्त्यात भेटल्या तर त्या विचारायच्या, 'कुसुम अभ्यास करते ना?' आणि मी म्हणायचो, 'हो जी.' बस."

बाईंची कीव केली होती मी, एवढंच डोक्यात येत होतं, आणि तेही लांबून कुणीतरी बोलत असल्यासारखं. आई आतून हाक मारत होती. संकष्टी होती, तिला चंद्रोदय विचारायचा होता. आबा म्हणाले, "ते समुद्राचं पाणी कधी येणार, कधी जाणार, ते कसं ओळखतात गं? तू बघितलंस ना तिकडे?"

मी सांगितलं. तिथले लोक घड्याळ बघत नाहीत, तिथी बघतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. बाई बोटांवर करत आणि मलाही करायला लावत.

"आज चतुर्थी," आबा म्हणाले आणि बोटं मोजायला लागले. शिपायाची जाड बोटं, अंगठा पेरांवरून हळूहळू सरकत होता. "चार... चाराची पाऊणपट, तीन. तीन वाजता भरती. बरोबर?"

"बरोबर."

"आपल्या चतुर्थीला आणि यांच्या चतुर्थीला फरक नाही ना?"

"नाही आबा. तिथी एकच असते. महिन्याचं नाव तेवढं वेगळं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. जणू फार दिवसांचं काही मिटलं. मग त्यांनी आत भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवून पाहिलं, दहा वाजून गेले होते, आणि समोरच्या कोरड्या मैदानाकडे तोंड करून म्हणाले, "म्हणजे आता तिकडे पाणी चढायला लागलं असेल."

माझ्या आबांनी अजून समुद्र पाहिलेला नाही, आणि आता या वयात पाहतील असं वाटत नाही. पण त्या रविवारपासून रोज सकाळी चहा झाला की ते आईला तिथी विचारतात, अंगठा पेरांवर फिरवतात आणि कोणी ऐको न ऐको, मोठ्यानं सांगतात. आज सकाळी मी शाळेत निघाले होते. आबा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "आत्ता ओहोटी आहे. खडक उघडे असतील." मी म्हटलं, "हो, असतील." आणि सायकल काढली.